वादळ तिकडे, झोप उडते इकडे

ही गप्पा आम्ही रेडिओवर केली, तेव्हा बऱ्याच गटांमधून निरोप आले, "हे छापून द्या, बैठकीत वाचता येईल." म्हणून बोललो तसंच इथे देतोय. दोन-चार गोष्टी नंतर आठवल्या, त्या मध्ये घातल्यात.

२८ ऑक्टोबर २०२५ ची रात्र. भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. आमच्या गटातल्या एका काकूंच्या ओटीवर आम्ही चौघी बसलो होतो. काकूंचा धाकटा मुलगा जमैकात एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. टीव्हीवर वादळाच्या बातम्या चालल्या होत्या, आणि त्या बातम्यांनीच सगळा घोळ केला. त्याच रात्री आपल्या देशात 'मोंथा' नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागत होतं, आणि त्याच रात्री तिकडे 'मेलिसा' जमैकाला लागत होतं. शेजारचे आजोबा येऊन सांगून गेले, "काही नाही हो, वारा नव्वद-शंभरचा आहे, जीव घेण्यासारखा नाही." ते मोंथाचं सांगत होते. काकूंना तेवढ्यापुरता धीर आला. मग कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने मोबाइलवर नीट वाचलं आणि ती गप्पच झाली. मेलिसाचा वारा ताशी २९५ किलोमीटरच्या आसपास होता.

त्यानंतर पाच दिवस मुलाचा फोन लागला नाही. त्या पाच दिवसांत आम्ही चौघींनी बऱ्याच चुका केल्या आणि थोडं शिकलो. आज तेच सांगायचं आहे. आपल्या कोकणातून आणि गोव्यातून कितीतरी मुलगे बोटीवर आहेत, त्यातल्या पुष्कळ प्रवासी बोटी कॅरिबियन समुद्रातच फिरतात. कुणी हॉटेलात आहे, कुणी तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलंय. वादळ दर वर्षी येणार. तेव्हा आपण इथे बसून काय समजून घ्यायचं आणि काय करायचं, हे आधीच ठरवलेलं बरं.

हरिकेन म्हणजे वेगळं काही नाही

पहिली गोष्ट. हरिकेन आणि आपलं चक्रीवादळ ही एकच जात. अटलांटिक महासागरात आणि कॅरिबियन समुद्रात त्याला हरिकेन म्हणतात, आपल्याकडे चक्रीवादळ. समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंशांच्या वर तापलं की त्याची वाफ वर चढते, वर थंड होऊन तिचे ढग होतात, आणि त्यातून सुटणारी उष्णता वाऱ्याला आणखी बळ देते. मधोमध शांत डोळा आणि त्याच्याभोवती उलट्या घड्याळासारखा फिरणारा वारा, हेही दोन्हीकडे सारखंच.

फरक आहे तो दोन बाबतींत. एक, त्यांचा वादळाचा हंगाम लांब असतो, १ जून ते ३० नोव्हेंबर. आपल्या अरबी समुद्रात मोठी वादळं बहुधा पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, नाहीतर पावसाळा सरल्यावर येतात. दुसरा फरक असा की तिकडची पुष्कळ मोठी वादळं आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जन्म घेतात आणि अख्खा महासागर ओलांडून पश्चिमेकडे येतात. त्यामुळे बेटांवरच्या लोकांना पुष्कळदा चार-पाच दिवस आधी कळतं. आपल्याकडे वादळ जवळच तयार होतं, हाताशी दोन-तीन दिवस असतात. म्हणजे तुमचा माणूस तिकडे असेल तर त्याला तयारीला थोडा जास्त वेळ मिळालेला असतो, हे मनाशी धरून ठेवा.

आता वाऱ्याचे आकडे. बातम्यांत 'कॅटेगरी' किंवा 'श्रेणी' असा शब्द येतो. श्रेण्या पाच. ताशी ११९ किलोमीटरपासून पहिली सुरू होते. १५४ पासून दुसरी, १७८ पासून तिसरी, २०९ पासून चौथी आणि २५२ च्या पुढे पाचवी. तिसरीपासून पुढे मोठं वादळ म्हणतात.

आपण निसर्ग वादळ पाहिलं आहे. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला लागलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. तेवढ्यात आपले माड मोडले, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं आणि पत्रे कुठल्या कुठे गेले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की भिंतीवरचा, पत्र्यावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. मेलिसाचा वेग निसर्गच्या अडीचपट होता, म्हणजे दाब सहापटीहून जास्त. हे भीती घालायला सांगत नाही. फक्त "वादळ आहे" एवढ्यावर न थांबता "कितवी श्रेणी?" हे विचारायची सवय लागावी, म्हणून सांगतोय. पहिल्या श्रेणीला पाचवीएवढं घाबरायचं नाही, आणि पाचवीला "काही होत नाही" म्हणायचं नाही.

आणखी एक. श्रेणी फक्त वाऱ्याची असते. पाऊस, दरडी आणि समुद्राचं आत घुसणारं पाणी त्यात मोजलेलं नसतं. वादळ हळू चाललं तर एकाच जागी पाऊस ओतत राहतं. मेलिसा असंच रेंगाळत आलं होतं.

कॅरिबियन म्हणजे एक गाव नव्हे

२०२४ साली जून संपता संपता आपल्या सगळ्यांच्याच तोंडी बार्बाडोस हे नाव आलं होतं. आठवतंय ना? २९ जूनला आपल्या क्रिकेट संघाने तिथे विश्वचषक जिंकला, आणि लगेच 'बेरिल' वादळ आल्यामुळे विमानतळ बंद झाला. रोहित शर्मा आणि सगळा संघ हॉटेलातच अडकला. मग ४ जुलैला ते खास विमानाने दिल्लीत उतरले आणि संध्याकाळी मुंबईत मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला.

त्या दिवसांत आमच्या एका मैत्रिणीचा मुलगा त्याच भागात प्रवासी बोटीवर होता. खेळाडूंची बातमी तासातासाला येत होती, तिच्या मुलाची कुठेच नव्हती. ती म्हणायची, "संघ बार्बाडोसला अडकला, म्हणजे हाही अडकला असणार." प्रत्यक्षात त्याची बोट तेव्हा जमैकाच्याही पलीकडे होती. बार्बाडोस ते जमैका हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,९०० किलोमीटर आहे. मुंबईहून कोलकात्याला विमानाने जाल त्याहूनही लांब.

त्याच बेरिलचं बघा. १ जुलैला ते कॅरियाकू नावाच्या छोट्या बेटावरून गेलं. हे बेट ग्रेनाडा देशाचं. तेव्हा ते चौथ्या श्रेणीचं होतं. अर्ध्या तासात बेट सपाट झालं, असं ग्रेनाडाच्या पंतप्रधानांनी सांगितलं. जवळच्या युनियन बेटावर क्वचितच एखादं घर धड राहिलं. बार्बाडोसच्या मात्र दक्षिणेकडून ते निघून गेलं. तिथे कोळ्यांच्या बोटींचं फार नुकसान झालं, पण गावंच्या गावं गेली नाहीत. पुढे ते पाचव्या श्रेणीचं झालं. जुलैच्या सुरुवातीलाच एवढं बळ धरलेलं वादळ अटलांटिकात नोंदलेलं नव्हतं. मग जमैकाच्या दक्षिणेकडून ते मेक्सिकोकडे गेलं. एकच वादळ, पण प्रत्येक बेटाची गोष्ट वेगळी.

म्हणून आमचं पहिलं सांगणं. आपला माणूस नेमका कुठल्या बेटावर, कुठल्या गावात आहे ते कागदावर लिहून ठेवा. "कॅरिबियनला असतो" किंवा "अमेरिकेकडे असतो" एवढं पुरत नाही. जमैका तर एकच बेट, पण मेलिसा त्याच्या नैऋत्य बाजूला लागलं. तिथे जे झालं ते पूर्वेच्या टोकाला झालं नाही. काकूंना मुलाच्या हॉटेलाचं नाव पाठ होतं, गावाचं नाव माहीत नव्हतं. ते शोधण्यात आमची एक रात्र गेली.

घड्याळ लावून घ्या

जमैका आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. बार्बाडोस, ग्रेनाडा, त्रिनिदाद ही पूर्वेकडची बेटं साडेनऊ तास मागे. मेलिसा जमैकाला लागलं तेव्हा तिकडे दुपार होती आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. आपण रात्री दोनला उठून फोन लावतो तेव्हा तिकडे दुपार असते आणि माणूस कामात असतो. आपण सकाळी दहाला लावतो तेव्हा तो गाढ झोपेत असतो. "फोन उचलत नाही" म्हणून घाबरण्याआधी तिकडे किती वाजलेत ते बघा. आता गटातल्या दोन घरांनी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलंय, खाली मुलाचं नाव चिकटवून.

बातमीलाही वेळ असते. अमेरिकेतल्या मायामी शहरात राष्ट्रीय हरिकेन केंद्र आहे. अटलांटिक आणि कॅरिबियनमधल्या वादळांवर तेच नजर ठेवतं. वादळ चालू असेल तेव्हा ते दर सहा तासांनी नवं पत्रक काढतं. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि मध्यरात्रीनंतर अडीच. वादळ किनाऱ्याजवळ आलं की मध्ये मध्ये आणखी एकेक पत्रक येतं. मधल्या वेळात टीव्हीवर जे चालतं ते बहुतेक तेच तेच असतं, फक्त आवाज चढलेला असतो. म्हणून आम्ही ठरवलंय, दिवसातून तीनदा बघायचं. सकाळी, दुपारी, रात्री. मध्यरात्रीचं पत्रक सकाळीही वाचता येतं. एक जणी वाचेल, ती बाकीच्यांना सांगेल. बाकीच्या वेळी टीव्ही बंद.

त्या पत्रकाबरोबर नकाशा असतो, त्यावर पांढरं सुपासारखं काहीतरी काढलेलं असतं. एका टोकाला निमुळतं, पुढे रुंद होत गेलेलं. पुष्कळांना वाटतं, वादळ एवढं मोठं आहे. तसं नाही. वादळाचा मधला भाग पुढच्या पाच दिवसांत साधारण कुठून जाईल, याचा तो अंदाज असतो. जितकं पुढचं सांगायचं तितका अंदाज सैल, म्हणून ते रुंद होत जातं. आपला माणूस त्या सुपात आहे म्हणजे वादळ त्याच्यावरच येणार असं नाही. आणि सुपाच्या बाहेर आहे म्हणजे पाऊस-वारा लागणारच नाही, असंही नाही.

दोन शब्द आणखी. 'वॉच' म्हणजे येत्या ४८ तासांत हरिकेनचा वारा येऊ शकतो, तयारी करा. 'वॉर्निंग' म्हणजे ३६ तासांत तो येईल असं धरून चाला, सुरक्षित जागी जा. घरच्यांनी जे काय बोलायचं ते 'वॉच' असताना बोलून घ्यावं. 'वॉर्निंग' लागल्यावर मुलाला तासभर फोनवर धरून ठेवू नये. त्या वेळी त्याला पाणी भरायचं असतं, खिडक्या बंद करायच्या असतात, बॅटरी वाचवायची असते.

फोन लागत नाही, याचा अर्थ काय

आता सगळ्यात अवघड भाग.

फोन लागत नाही म्हणजे माणूस गेला, असं आपलं मन लगेच म्हणतं. खरं म्हणजे फोन लागत नाही याचा अर्थ एवढाच, की फोन लागत नाही. टॉवरला वीज लागते. वीज गेली की टॉवर आधी बॅटरीवर आणि मग जनरेटरवर चालतो, डिझेल संपलं की बंद. तारा तुटतात. रस्ता दरडीने बंद झाला की दुरुस्तीवाला पोहोचत नाही. आणि माणसाच्या हातातला मोबाइल चार्ज करायलाही कुठे जागा नसते.

२०१७ साली 'मारिया' वादळानंतर पुएर्तो रिको बेटावरचे सुमारे ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते. त्या बेटावर तीस लाखांहून जास्त माणसं राहत होती. इतक्या माणसांचे फोन एकदम गप्प झाले, आणि त्यातली फार मोठी संख्या जिवंत, धडधाकट होती. त्याच मारियाने आधी डॉमिनिका या छोट्या देशाला गाठलं. तिथल्या पंतप्रधानांच्याच घराचं छप्पर उडालं. ते त्यांनी स्वतः फेसबुकवर लिहिलं, आणि त्यानंतर सगळ्या देशाचाच संपर्क तुटला. मग तिथून बाहेर पहिल्या बातम्या पोहोचवल्या त्या हौशी रेडिओवाल्यांनी, घरी संच बाळगणाऱ्या साध्या माणसांनी. पंतप्रधानही सुखरूप होते. रेडिओवाल्या म्हणून ही गोष्ट सांगताना आमची छाती जरा फुगते, हे कबूल करतो.

आणि मैत्रिणींनो, हे आपल्याला दुसऱ्या बाजूने माहीत आहे. निसर्गच्या वेळी आपण कुठे होतो? आपण इथे पडक्या छपराखाली ताडपत्री बांधत होतो. लाईट कित्येक गावांत महिनाभर नव्हती. टॉवर गेला होता. आणि मुंबईतला भाऊ, दुबईतला दीर, बोटीवरचा मुलगा, सगळे वेड्यासारखे फोन लावत होते. आपण ठीक होतो. फक्त सांगायला रस्ता नव्हता. एकीने डोंगरावर चढून रेंज धरली आणि सगळ्या वाडीचे निरोप एकदम पाठवले, आठवतंय? तिकडेही असंच कुणीतरी डोंगर चढत असतं.

काकूंना पाचव्या दिवशी फोन आला तो अनोळखी नंबरावरून. वीस सेकंद. "आई, बरा आहे. छप्पर गेलं. पाणी मिळतंय. दुसऱ्याचा फोन आहे, ठेवतो." एवढंच. म्हणून वादळानंतर अनोळखी परदेशी नंबर आला तर उचला. पण त्यातही एक सावधगिरी आहे, ती पुढे सांगतो.

बोटीवर असेल तर

बोटीवर असलेल्या मुलांच्या आयांना जास्त भीती वाटते, कारण समुद्रातच वादळ. पण जरा हिशेब करा. बेट जागचं हलत नाही, बोट हलते. वादळ साधारण ताशी १५ ते ३० किलोमीटरने सरकतं. मोठी प्रवासी बोट ताशी ३५-४० किलोमीटरने जाऊ शकते, आणि तिला चार-पाच दिवस आधी कळलेलं असतं. त्यामुळे कप्तान बंदर बदलतो, लांबून वळसा घालतो. पुष्कळदा बोटीवरचा मुलगा बंदरातल्या माणसापेक्षा जास्त सुरक्षित असतो. बोट ठरलेल्या बंदराला लागली नाही, ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते.

नेहमीच सगळं ठीक होतं असं मात्र नाही. २०१५ च्या १ ऑक्टोबरला 'एल फारो' ही अमेरिकन मालवाहू बोट बहामाजवळ 'वाकीन' वादळात बुडाली आणि ३३ जण गेले. त्या बोटीवर हवामानाची शिळी माहिती वापरली गेली होती, असं चौकशीत निघालं. म्हणजे ताजी बातमी हातात असणं हेच जीव वाचवतं, तिकडेही आणि इकडेही.

भर समुद्रात बोट असली की फोन उपग्रहावरून चालतो, महाग पडतो, मध्येच तुटतो. एक-दोन दिवस निरोप आला नाही, तर ते रोजचंच समजा.

आधी करून ठेवायची कामं

गटाच्या एका बैठकीत बसून हे करून टाका. अर्धा तास लागतो.

प्रत्येक घराने एक कागद करावा. माणसाचं पासपोर्टावरचं नाव, पासपोर्ट नंबर, बेट आणि गाव, कामाची जागा, तिथला फोन, बरोबर राहणाऱ्या एखाद्या मित्राचा नंबर. बोटीवर असेल तर बोटीचं नाव आणि तिचा सात आकडी आयएमओ नंबर. बोटीचं नाव बदलू शकतं, हा नंबर बदलत नाही. शिवाय कंपनी, ज्या एजंटमार्फत गेला त्याचा पत्ता आणि फोन, सीडीसीची झेरॉक्स. कागद डब्यात, आणि त्याचा फोटो गटातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलमध्ये. निसर्गमध्ये कितीजणींचे कागद भिजले ते आपण पाहिलंय.

मुलाशी आधीच ठरवून ठेवा की वादळानंतर पहिला निरोप एकाच माणसाला द्यायचा. आईला वेगळा, बायकोला वेगळा, मामाला वेगळा असं नको. त्याच्याकडे एखाद्या निरोपापुरतीच बॅटरी असेल. तो निरोप्या मुंबईत-पुण्यात, जिथे रेंज पक्की आहे तिथला असावा. आणि फोनपेक्षा साधा मेसेज बरा. रेंज कमी असली तरी तो वाट बघत राहतो आणि संधी मिळाली की जातो.

सरकारी मदत. जमैकात किंग्स्टनला आणि त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताचं उच्चायुक्तालय आहे. लहान बेटांवर आपलं कार्यालय असेलच असं नाही, शेजारच्या देशातलं कार्यालय त्यांचं काम बघतं. आपला माणूस कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत येतो ते आधीच विचारून ठेवा. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे घरच्यांना तक्रार किंवा विनंती नोंदवता येते. २०१७ साली 'इर्मा' वादळानंतर सेंट मार्टिन बेटावरून शंभराहून अधिक भारतीयांना सरकारने खास विमानाने क्युरासाओ बेटावर हलवलं होतं. मदत पोहोचते, पण नाव यादीत असेल तर लवकर पोहोचते. बोटीवरच्या मुलांसाठी मुंबईतलं नौवहन महासंचालनालय आणि कंपनीचा एजंट. आणि खूप दिवस काहीच कळलं नाही, तर रेडक्रॉसची ताटातूट झालेल्यांना शोधून जोडून देण्याची सेवा जगभर चालते.

इकडच्या घरात काय होतं

आता जे छापावं की नाही यावर आमच्यात वाद झाला, ते सांगतो.

त्या पाच दिवसांत व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला, इमारत कोसळतानाचा. खाली लिहिलेलं, 'जमैका, आत्ताचं'. आमच्यातल्याच एकीने तो काकूंना दाखवला. काकूंनी त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. नंतर पुतणीने शोधलं तर व्हिडिओ जुना आणि भलत्याच देशातला निघाला. दाखवणारीला अजून वाईट वाटतं. कोणताही व्हिडिओ घरच्या बाईला दाखवण्याआधी थांबा. ती बघून काय करू शकणार आहे, हा प्रश्न स्वतःला विचारा.

चौथ्या दिवशी एक फोन आला. गोड बोलणारा माणूस. "तुमचा मुलगा इस्पितळात आहे, ऑपरेशनला पैसे पाठवा, लगेच." काकू कानातल्या कुड्या काढायला निघाल्या होत्या. सुनेने विचारलं, "त्यांच्या मुलीचं घरातलं नाव काय?" फोन कट झाला. प्रत्येक घराने असा एक प्रश्न ठरवून ठेवावा, ज्याचं उत्तर फक्त आपल्या माणसालाच माहीत असेल. अनोळखी नंबर उचला म्हणालो ना, त्याची सावधगिरी ती हीच.

आणि त्याच सुनेला, जिच्यामुळे पैसे वाचले, तिला त्या आठवड्यात काय काय ऐकावं लागलं! "दिवाळीत आली असती माहेरून लवकर तर..." "हिच्या हट्टापायी गेला तो परदेशात." ती रडत नव्हती म्हणून "हिला काही वाटत नाही" असंही कुणीतरी म्हणालं. मैत्रिणींनो, जमैकातलं वादळ आपल्या सुनेच्या पायगुणाने येत नाही. तापलेल्या समुद्राने येतं. काळजीला कुठेतरी राग काढायचा असतो आणि तो घरातल्या सगळ्यात तरुण बाईवर निघतो. हे गटाने थांबवायचं. आम्ही उशिरा थांबवलं, पण थांबवलं.

मग आम्ही काय केलं ते ऐका. दर अर्ध्या तासाने "काही कळलं का?" विचारायला जायचं बंद केलं. कळलं की घरचे सांगतीलच. एकीने दोन दिवस भाकऱ्या दिल्या. एकीने गुरांचं पाहिलं. एक जणी रात्री सोबत झोपायला गेली, बोलायला नाही, नुसती सोबतीला. घरचा फोन कुणी लावून अडवायचा नाही असं ठरवलं. आणि काकूंना काम दिलं. त्या म्हणाल्या, "हात रिकामे राहिले की डोकं फिरतं." गटाचे वाळवलेले कोकम निवडायला त्यांच्याकडे दिले. दोन पोती त्यांनी निवडून संपवली.

पैशांचंही बोलू. वादळ गेल्यावर हॉटेल बंद, पगार बंद. काकूंच्या घरी दोन महिने पैसे आले नाहीत. गटाच्या कर्जाचा हप्ता होता. बैठकीत सर्वांनी मिळून तो पुढे ढकलला, आणि रजिस्टरमध्ये तसं लिहून सह्या घेतल्या. पुढे कुणाच्या घरी असं झालं तरी हाच नियम लागू, हेही लिहिलं. ज्या घरात परदेशी पैसा येतो ते घर श्रीमंत, असं आपण धरून चालतो. ते घर एका वादळाइतकं लांब असतं अडचणीपासून.

फोन लागल्यावर

शेवटी एकच. फोन लागतो तेव्हा आपण काय बोलतो? "परत ये आत्ताच्या आत्ता. कशाला गेलास?" काकूही हेच म्हणणार होत्या. मुलगा तिकडे चिखलात उभा, त्याच्या बरोबरीची जमैकन पोरं आपलं घर शोधतायत. त्यांच्याही आया आहेत, त्यांना तर कुठे जायचंही नाही, बेट हेच घर. त्या मुलाने नंतर सांगितलं की वादळाच्या रात्री त्याला एका जमैकन मावशींनी आपल्या पक्क्या भिंतींच्या खोलीत घेतलं होतं, आणखी सात जणांबरोबर. काकूंनी त्यांचं नाव विचारून घेतलं. आता देवापुढे दिवा लावताना त्या दोन नावं घेतात.

म्हणून पहिल्या फोनवर एवढंच विचारा, "जेवलास का? पाणी आहे ना? बरोबर कोण आहे?" आणि सांगा, "आम्ही बरे आहोत." तिकडच्यालाही आपली काळजी असते. बाकीचं बोलायला पुढे पुष्कळ दिवस आहेत.

तुमच्या गटात कुणाचा माणूस दर्यापार असेल, तर पुढच्या बैठकीत तो कागद आधी करा. वादळाचा हंगाम जूनला सुरू होतो, आपल्या पेरण्यांबरोबरच. बी-बियाण्याची यादी करतो ना, त्याच दिवशी हीही करायची. येतो आम्ही, पुन्हा भेटू.